मदत हवी आहे : जुनं फ्रेंच कॅरेज क्लॉक मध्येच थांबतंय

नमस्कार मंडळी. आजोबांचं एक फ्रेंच कॅरेज क्लॉक आहे. वीतभर उंचीची पितळी पेटी, चारी बाजूंना कडा तासलेल्या जाड काचा, वर उचलायला कडी. प्रवासात हलतं-डुलतं म्हणून याला लंबक नसतो. त्याऐवजी बॅलन्स व्हील, म्हणजे पुढे-मागे झुलत गती राखणारं छोटं चाक, आडवं वरती बसवलेलं असतं आणि वरच्या काचेतून त्याची लगबग दिसते. लहानपणी मी ते बघत तासन् तास बसायचे, जेवायला हाका माराव्या लागायच्या.

मागच्या पत्र्यावर मधमाश्यांच्या पोळ्याचा शिक्का आहे, बाजूला ए आणि एम. म्हणजे पॅरिसच्या मार्गेन या घड्याळकाराचं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं असावं. अशा घड्याळांचं कच्चं यंत्र बऱ्याचदा नॉर्मंडीतल्या सँ-निकोला-दालियेरमोंमध्ये घडायचं आणि पॅरिसमध्ये पूर्ण व्हायचं.

आता दुखणं. चावी पूर्ण दिली की आठ दिवस चालायला हवं, पण तिसऱ्या दिवशीच थांबतं. थोडं हलवलं की पुन्हा सुरू. ठोके मात्र खणखणीत. गेल्या वर्षी एकाने 'सर्व्हिसिंग' म्हणून नुसतं तेल ओतून दिलं होतं. बालकमानीवर (बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) त्याचा चिकट थर दिसतो. हेच कारण असेल का, की मुख्य कमान (चावीने गुंडाळली जाणारी मोठी स्प्रिंग) थकली?

पुण्या-मुंबईत यंत्र पूर्ण सोडवून धुणारा जाणता कारागीर कोणी सांगाल का? आणि पितळेवरचा सोन्याचा मुलामा काही ठिकाणी काळवंडलाय. आई पितांबरी घेऊन तयारच बसली आहे, तिला कसं थांबवू?