ढिगाऱ्याखालचा आवाज : वाचवायला गेलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी बाबांबरोबर 'वर्ल्ड ट्रेड सेंटर' हा सिनेमा पाहायला घेतला. ऑलिव्हर स्टोनचा, २००६ सालचा. बाबा मुंबई अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. आगीचे, कोसळण्याचे सिनेमे ते सहसा बघत नाहीत. हा मीच आग्रहाने लावला, कारण यातली गोष्ट खरी आहे आणि ती वाचवायला गेलेल्यांची आहे.

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कची बंदरं-विमानतळ सांभाळणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीच्या पोलिसांचे सार्जंट जॉन मॅक्लॉक्लिन चार जणांना घेऊन आत शिरतात. दोन टॉवरच्या मधल्या भागातून हेल्मेटं आणि श्वासाचे सिलिंडर भरलेली ढकलगाडी नेत असताना ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिणेचा टॉवर खाली येतो. मॅक्लॉक्लिन ओरडतात, लिफ्टच्या शाफ्टकडे पळा. त्या एका आरोळीमुळे पाचांतले तिघं पहिल्या कोसळण्यातून वाचतात. मॅक्लॉक्लिन आणि विल हिमेनो काँक्रीटखाली चिणले जातात, डॉमिनिक पेझुलो मात्र धडपडून मोकळा होतो. आता तो बाहेर पडायची वाट शोधू शकत असतो, पण तो हिमेनोच्या अंगावरचं काँक्रीट हलवत बसतो. १० वाजून २८ मिनिटांनी दुसरा टॉवर पडतो आणि पेझुलो जातो. उरलेल्या दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. काळोखात ते फक्त बोलत राहिले, झोपू नकोस म्हणत राहिले. हिमेनोला साधारण १३ तासांनी बाहेर काढलं, मॅक्लॉक्लिनना सुमारे २२ तासांनी.

पेझुलो मागे थांबतो तिथे बाबा उठून गॅलरीत गेले. मी मागोमाग गेलो तर म्हणाले, "सुटला होता रे तो."

थोड्या वेळाने त्यांनी जे सांगितलं ते मला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. मी दुसरीत असताना एका जुन्या चाळीला आग लागल्याच्या वर्दीवर गेले असता जिना खचला आणि बाबा कमरेपर्यंत खाली अडकले. धूर इतका की हात दिसेना. वर उभा असलेला त्यांचा जोडीदार त्यांना सारखा एकच प्रश्न विचारत होता, "थोरल्याची शाळा किती वाजता सुटते?" बाबा सांगायचे, साडेबाराला. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. बाबा चिडून ओरडायचे, साडेबाराला! चाळीसएक मिनिटं हेच चाललं होतं. उत्तर आलं नाही की समजायचं, माणूस चालला. थोरला म्हणजे मी. त्या दिवशी साडेबाराला मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो आणि मला न्यायला शेजारच्या काकू आल्या होत्या, एवढंच मला आठवतं.

दर १४ एप्रिलला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात जातात. १९४४ साली त्या तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवर आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटकं. जवान पाणी मारत असतानाच बोट फुटली. दलाचे ६६ जण गेले. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारत कोसळली आणि चार अधिकारी गेले, तेव्हा बाबा निवृत्त झालेले होते, तरी दोन दिवस जेवले नव्हते.

म्हणून हा धागा. तुम्ही कुणाला वाचवायला गेला असाल, जाऊन स्वतःच अडकला असाल, किंवा कुणीतरी तुम्हाला ओढून वर काढलं असेल, तर लिहा. त्या वेळी कुणाचा आवाज कानावर होता, तेही लिहा. मी सगळं बाबांना वाचून दाखवणार आहे.

एडिसन, न्यू जर्सी

आम्ही तेव्हा जर्सी सिटीत राहायचो. नवऱ्याचं ऑफिस वॉल स्ट्रीटजवळ. टॉवरमध्ये नव्हतं, पण पाथ या लोकल गाडीने तो रोज त्या टॉवरखालीच उतरायचा. दहानंतर फोन लागेना. नदीपलीकडे नुसता धूर दिसत होता, आणि ज्या जागी रोज दोन टॉवर दिसायचे तिथे मोकळं आकाश होतं. माझी मुलगी आठ महिन्यांची होती. तिला कडेवर घेऊन मी दारात उभी, आत येववेना आणि बाहेर जाववेना.

तो चारच्या सुमाराला आला. भिजलेला, चपचपीत. दक्षिण टोकाच्या धक्क्यावरून कुठल्याशा बोटीने होबोकनला उतरवलं होतं आणि अंगावरची धूळ जावी म्हणून तिथे सगळ्यांवर पाण्याचे फवारे मारले होते. फेरीबोटी, टगबोटी, मासेमारीच्या बोटी, जे काही तरंगत होतं ते सगळं त्या दिवशी मॅनहॅटनच्या काठाला लागलं आणि जवळपास ५ लाख माणसं पाण्यावरून बाहेर निघाली. त्या बोटवाल्यांची आठवण फार कमी लोक काढतात. माझ्या नवऱ्याला हात देऊन बोटीत घेणारा माणूस कोण होता, आम्हाला आजही माहीत नाही.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. ती रात्री उशिरा आली आणि जिन्यातच बसली. म्हणाली, आम्ही स्ट्रेचर ओळीने लावून दिवसभर उभे होतो, पण कुणी आलंच नाही. ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

सिनेमा लागला तेव्हा बघायची हिंमत झाली नाही, बऱ्याच वर्षांनी पाहिला. काहींना तो सारखा घराकडे वळतो, बायकांच्या वाट पाहण्यावर वेळ घालवतो म्हणून आवडत नाही. मला तोच भाग सगळ्यात खरा वाटला. हिमेनोची बायको गरोदर आहे आणि मुलीचं नाव काय ठेवायचं यावर दोघांचं जमत नाहीये. असल्या वेळी माणूस असलंच काहीतरी धरून बसतो. मी त्या दिवशी नवऱ्याचा सकाळचा चहाचा कप धुतला नव्हता. तो येईपर्यंत धुवायचा नाही, असं माझं मीच ठरवलं होतं.

ठाणे

सिनेमा मलाही आवडला, पण एक गोष्ट खटकते ती नोंदवतो. त्या दोघांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो दोन माजी मरीन सैनिकांनी. एक डेव्ह कार्न्स. हा कनेक्टिकटमध्ये अकाउंटंट होता. बातमी ऐकून केस बारीक कापून घेतले, जुना गणवेश चढवला आणि गाडी घेऊन निघाला. दुसरे जेसन थॉमस. थॉमस कृष्णवर्णीय आहेत आणि सिनेमात त्यांच्या जागी गोरा नट आहे. निर्मात्यांनी नंतर चूक मान्य केली. पण जो माणूस रात्री त्या धगधगत्या ढिगाऱ्यावर "कुणी आहे का" म्हणत फिरला, त्याचा चेहरा तरी खरा दाखवायला हवा होता. वाचवणाऱ्यांची नावं आधीच विसरली जातात.

सोलापूर

मी १९९३ साली इंटर्न होतो. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने आमच्या होस्टेलच्या खाटा सरकल्या. दुपारपर्यंत आम्ही किल्लारीच्या बाजूला पोचलो होतो. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं. लोक दमून घरात झोपलेले.

ज्यांनी ती घरं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दगड-मातीच्या हातभर-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडी पाटांवर मातीचा थर, आणि पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर रात्रीतून अंगावर आलं. दगड एक वेळ उचलता येतो, पण मातीत श्वासाला फट राहत नाही. गल्ली कुठली, घर कुठलं, काही कळत नव्हतं. त्यात पाऊस. मातीचा चिखल झाला आणि खोरं रुतायला लागलं.

मी डॉक्टरकी करायला गेलो होतो, पण पहिले दोन दिवस घमेलीच उचलली. लष्कराचे जवान मधूनच शिटी वाजवायचे. शिटी झाली की सगळ्यांनी थांबायचं. टिकाव खाली, बोलणं बंद, रडणाऱ्यांनीसुद्धा पदर तोंडाला लावायचा. मग ऐकायचं. त्या शांततेची मला आजही भीती वाटते.

एकदा आवाज आला. नक्की आला, चौघांनी ऐकला. दोन तास हातांनी उकरलं, नखं गेली. खाली शेळी निघाली, जिवंत. एक म्हातारा पुढे आला आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागला. त्याच्या घरातलं तेवढंच एक उरलं होतं. दोन तास फुकट गेले असं कुणीही म्हणालं नाही. मी तिचा पाय बांधून दिला. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं पहिलं ड्रेसिंग ते.

पनवेल

इर्शाळवाडी, दरडीखाली गेलेली. १९ जुलै २०२३ ची रात्र. आम्हा ट्रेकर मंडळींच्या ग्रुपवर निरोप फिरला तेव्हा मी झोपायच्या तयारीत होतो. इर्शाळगडाची ती वाट पाठ होती, म्हणून निघालो. नानिवलीपासून वर रस्ता नाही, पायवाट. पावसात तीही ओढा झालेली. चढताना एकेका पावलाला माती सुटत होती. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी त्या रात्री चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ही बातमी रांगेतून कुजबुजत वर आली. क्षणभर सगळे थांबले आणि पुन्हा चढू लागले.

वर पोचलो तर वाडीच नव्हती. मी तिथे कितीदा तरी पाणी प्यायलो आहे, एका मावशीच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली आहे. टॉर्च मारला तर नुसता लाल चिखलाचा उतार. यंत्र वर येऊ शकत नव्हतं, ढगांमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. फावडी, टिकाव, घमेली आणि हात, एवढंच. एनडीआरएफचे जवानही तसेच हातांनी खणत होते.

खणायचं कुठे, हे आम्हाला सांगितलं वाडीतल्याच एका ठाकर पोराने. पंधरा-सोळाचा असेल. त्या रात्री काही मुलं घरी न झोपता शाळेत थांबली होती म्हणून वाचली, त्यांतला तो. चिखलावर उभा राहून बोट दाखवायचा, "हितं मामाची चूल. हितं आजीची खाट. हितून चार पावलं पाण्याचं मडकं." आम्ही चार पावलं मोजून खणलं तर मडक्याचे तुकडे निघाले. पूर्ण वाडी त्याच्या डोक्यात उभी होती. मधेच वरून दगड घरंगळले, कुणीतरी "पळा" म्हणून ओरडलं, आम्ही बाजूला झालो. तो हलला नाही. त्याला दोघांनी उचलून आणावं लागलं.

२३ जुलैला शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले होते, ५७ जण मिळालेच नाहीत. गावकऱ्यांशी बोलून घेतलेला तो निर्णय होता आणि तो बरोबर होता, हे मला पटतं. तरी त्यानंतर मी इर्शाळगडाच्या वाटेला गेलेलो नाही. सिनेमातल्या हिमेनोला १३ तासांनी का होईना हाक ऐकू आली. आम्ही हाका मारत होतो तेव्हा खाली कुणी ऐकत होतं का, हा प्रश्न माझा सुटत नाही. धागाकर्त्याच्या बाबांना विचारा, त्यांचा सुटला का.

मुंबई

मी वाचवलेली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. कालिन्याला बस बंद पडली, पाणी खिडकीपर्यंत. शेजारच्या इमारतीतल्या बायकांनी साड्या एकमेकींना गाठी मारून सोडल्या. माझ्या हाताला लागली ती हिरवी काठपदराची होती. वरून एक बाई सारखं म्हणत होती, "बाळा, खाली बघू नको, गाठीकडे बघ." मी तेव्हा चाळीस वर्षांची होते, आणि तिने मला बाळा म्हटलं.

पलूस, सांगली

२०१९ चा पूर. कृष्णा इतकी पसरली की नदी कुठली आन् शेत कुठलं कळंना. आमच्याकडं गुऱ्हाळाची काहील होती. रस उकळायची ती मोठी लोखंडी कढई. बोटी कमी पडल्या म्हणून आम्ही भावाभावांनी ती पाण्यात घातली. काहिलीत चार माणसं बसत्यात, पण बसायचं नेमकं मधी. एक जरी उठला तरी ती गरकन फिरती. म्हणून थोरला भाऊ पुढं पोहत जायचा दोर धरून आन् मी मागून ढकलायचो. दोन दिवसांत बरीच माणसं काढली. म्हातारी माणसं घर सोडायला तयार नसायची, म्हणायची जनावरं दावणीला हायती. मग आधी जनावरांची दावी कापायची, मग माणूस बसायचा.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. तीबी वाचवणारीच बोट होती. माणसं सुटकेच्या वाटंवर असताना गेली. आम्हाला कळलं तेव्हा आमच्या काहिलीत एक बाळंतीण बसलेली होती. भावानं दोर धरला हुता, त्याचा हात थरथरताना मला दिसला. ती बाई म्हणाली, "दादा, बोलत ऱ्हावा काहीतरी." काय बोलावं सुचंना. भावानं उसाचा दर काढला. टनाला किती मिळाला, कुठल्या कारखान्यानं किती दिला, काठाला लागस्तवर त्यो उसाच्या दरावरच बोलत होता.

धागाकर्ता

सगळं बाबांना वाचून दाखवलं. किल्लारीच्या शेळीपाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं, पाणी प्यायले, मग म्हणाले वाच पुढे.

पनवेलकर, तुमचा प्रश्न विचारला. खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही सुटला. पण हाक मारायची सोडली असती तर आणखी सुटला नसता, असं त्याला सांग."

सिनेमाचा उरलेला अर्धा भाग काल रात्री आम्ही पूर्ण केला. हिमेनोला वर काढतात तिथे बाबा टीव्हीकडे न बघता त्याला खेचणाऱ्यांच्या हातांबद्दल बोलत होते. कुणी कुठे धरलंय, मान कशी सांभाळलीय.

पलूसच्या दादांना त्यांचा एक प्रश्न आहे. त्या काहिलीचं पुढे काय झालं?

पलूस, सांगली

बाबांना नमस्कार सांगा. तळाला पोचे आलं हुतं, एके ठिकाणी चीर गेली हुती. लोहाराकडनं ठोकून, डाग लावून घेतली. दिवाळीनंतर गुऱ्हाळ चालू केलं तवा चुलवाणावर तीच चढवली. पहिल्या आदणाचा गूळ त्या बाळंतिणीच्या घरी देऊन आलो.