कुत्र्याला धाप लागते की कुत्रा ल्हाल्हा करतो?

पाणवठा
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. आमच्या भागात भटक्या कुत्र्यांसाठी पाणी ठेवणारा चार-पाच जणांचा गट आहे. उन्हाळ्यासाठी पानभर पत्रक काढायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिलंच वाक्य लिहिलं : 'उन्हात कुत्र्याला धाप लागते.' शेजारच्या आजींनी वाचलं आणि विचारलं, "का गं, दमा आहे का त्याला?"

आजींचं बरोबर आहे. धाप जिना चढल्यावर लागते, नाहीतर आजारपणात. सावलीत आडवा पडून जीभ लोंबकळत ठेवलेला कुत्रा काही दमलेला नसतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही, पंजाच्या गादीला सुटतो तेवढाच. म्हणून तो जीभ, तोंड आणि नाकाच्या ओल्या अस्तरावरून भराभर हवा खेळवून अंगातली उष्णता घालवतो. ह्या क्रियेला आपला शब्द कोणता?

खडीसाखर
ल्हाल्हा. आमच्याकडे 'कुत्रं ल्हाल्हा करतंय' असंच म्हणतात. कोणी ल्ह्याल्ह्याही म्हणतं. विषय संपला.

अवग्रह
इतक्यात संपवू नका. बोलायला ठीक, पण पत्रकात ल्हाल्हा? 'धापा टाकणे' आहे की. 'धाप लागणे' आणि 'धापा टाकणे' एक नव्हे. पहिलं आपल्याला होतं, दुसरं आपण करतो.

वशिंड
गुरांचा डॉक्टर आहे, कुत्रीही बघतो, म्हणून मध्ये तोंड घालतो. स्वस्थ बसलेला कुत्रा मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतो. उन्हात हाच आकडा ३००च्या पुढे जातो. एवढी छाती हलवायची तर त्या कष्टानंच तो आणखी तापायला हवा. तसं होत नाही, कारण छातीच्या पिंजऱ्याची जी स्वतःची लय असते, त्याच लयीत हे श्वास चालतात. झोपाळ्याला योग्य वेळी बोट लावलं तरी तो झुलत राहतो, तसं. हवा बरीचशी नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर जाते, म्हणजे दोन्ही ओल्या वाटा वापरल्या जातात. श्वास उथळ असतात, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातच नाहीत.

धापेत माणूस हवेसाठी तडफडतो. इथे हवेची टंचाई मुळीच नाही. म्हणून माझं मत ल्हाल्हाला. शब्द उच्चारून बघा, जीभ आपोआप बाहेर येते.

खडीसाखर
आत्ता ऑफिसात उच्चारून बघितला. शेजारचा बघायला लागला.

पाणवठा
अवग्रह, तुमच्या 'लागणे' आणि 'टाकणे'वरून आठवत गेले. घाम येतो, सुटतो, फुटतो. हुडहुडी भरते. काटा येतो, शहारा येतो. यातलं एकही आपण 'करत' नाही, सगळं 'मला' होतं. उलट म्हैस डुंबते, मांजर अंगाचं मुटकुळं करतं, गाय सावली धरते, चिमणी पिसं फुलवून बसते. शरीर परस्पर जे करून टाकतं ते एकीकडे आणि जनावर उठून जे करतं ते दुसरीकडे, अशी वाटणी क्रियापदांनीच केलेली दिसते. हे शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

अवग्रह
'घाम गाळणे'चं काय करणार?

पाणवठा
ते कष्टाबद्दल आहे हो. नुसतं मांडवाखाली उकडतंय म्हणून कोणी घाम गाळत नाही.

संत्रासाल
अन् 'उकडणे' कोणी घेतलंच नाही! आम्ही नागपूरकडचे. मे महिन्यात आमच्याकडे ऊन तापते, अंगाची लाही लाही होते. मुंबईच्या बहिणीकडे गेलो की ती म्हणते, 'काय उकडतंय!' बटाटा उकडायला पाणी लागते, लाही फुटते ती कोरड्या कढईत. दोन्ही गरमीच, पण एक ओली अन् एक सुकी. कोकणातले पाहुणे पावसाआधी 'गदमदतंय' म्हणतात तेही ओल्यातलंच.

फरक अंगाला बरोबर कळतो. आमचा वाळ्याचा कूलर एप्रिल-मेमध्ये खोली गारेगार करते. जूनमध्ये ढग आले, हवेत दमटपणा आला की तोच कूलर नुसता ओला वारा फेकते. पाणी वाळलं तरच गारवा. कुत्र्याच्या जिभेचंही तेच गणित असणार ना?

वशिंड
अगदी तेच. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! निथळून जमिनीवर पडला तर त्या थेंबाचा उपयोग शून्य. दमट हवेत 'घामानं निथळतोय' म्हणतो तेव्हा घाम भरपूर असतो, गारवा नसतो. म्हणून ३४ अंशांच्या दमट दुपारीही कुत्रं दगावू शकतं. पग वगैरे चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर फारच कठीण, हवा खेळवायला नाकात जागाच नाही.

म्हशीचंही सांगतो. काळी कातडी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. तिला डुंबायला मिळालं नाही तर दूध घटतं. लोकांना वाटतं ती आळशी आहे. पाण्यातून आली की अंगावर चिखल असतो, तो साध्या पाण्याहून उशिरा वाळतो, तेवढा वेळ गारवा टिकतो. धुऊन स्वच्छ करायची घाई करू नका. गाईचं वेगळं. गीर किंवा देवणी गाय बघा, गळ्याखाली केवढी पोळी लोंबते, कातडी सैल, वर घामही बऱ्यापैकी. ती उन्हात चरत राहते तेव्हा म्हैस डबक्यात असते.

पिंजरा_नको
आमचं कोंबड्यांचं शेड आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत आणि तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास. एप्रिलात दुपारी दोनला शेडमध्ये शिरलं की आवाज बंद असतो. सगळ्या चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे, आणि गळ्याची कातडी थरथरत असते. कबुतराचा गळाही असाच थरथरतो. ह्या थरथरीला शब्द सापडलेला नाही, आम्ही सरसकट 'धापतात' म्हणतो.

आणि ह्या धापण्यानं अंड्याचं कवच पातळ होतं. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, मग कवचाला लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं. म्हणून पाण्यात खायचा सोडा घालतो आणि दुपारचं खाद्य बंद ठेवतो, कारण खाल्लेलं पचवतानाही अंग तापतं. गोणपाटं भिजवून लावतो ती वेगळी. उन्हाळ्यात अंडी फुटकी आली म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे सगळं कधी सांगू?

अवग्रह
आता माझी जुनी तक्रार. पाठ्यपुस्तकातलं 'उष्णरक्ती'. सकाळभर दगडावर ऊन खाल्लेल्या सरड्याचं रक्त माझ्याइतकं गरम असू शकतं, म्हणून तो उष्णरक्ती झाला का? मुद्दा रक्त गरम असण्याचा नाहीच, उष्णता आतून तयार करून ती एका पातळीला धरून ठेवण्याचा आहे. त्यापेक्षा विश्वकोशी 'नियततापी' बरा.

खडीसाखर
नियततापी म्हणजे दर गुरुवारी ताप येणारा.

वशिंड
विनोद बाजूला ठेवा, पण 'नियत'ही पुरतं खरं नाही. तहानलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४०च्या वर चढतं. दिवसभराची उष्णता तो साठवतो आणि रात्री गार वाऱ्यावर सोडून देतो. घाम वाचला, म्हणजे पाणी वाचलं. त्याला काय, अनियमित-नियततापी म्हणायचं?

आणि 'ताप' शब्दाची खरी अडचण निराळी. ताप येणं आणि ऊन लागणं ह्या उलट गोष्टी आहेत. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस पातळीच वर नेऊन ठेवतो. अंग ३८ला असतं, मेंदूला ३९.५ हवं असतं, म्हणून गरम अंगालाही थंडी वाजते. ऊन लागतं तेव्हा पातळी तीच असते, उष्णता बाहेर काढणं जमत नाही. म्हणून उष्माघातावर तापाची गोळी चालत नाही. कुत्र्याला तर माणसाची गोळी देऊच नका, हे पत्रकात ठळक छापा.

पाणवठा
म्हणजे 'हिवताप' हा शब्द किती नेमका आहे! आधी हिव, मग ताप. आजी म्हणतात, "हिव भरलं, की तीन गोधड्या घाला. घाम फुटला, की ताप उतरला म्हणून समजा." मेंदूनं पातळी खाली आणली, की आधी घामच येणार.

आता सुधारलेला मजकूर असा : 'उन्हात कुत्रा जीभ बाहेर काढून ल्हाल्हा करतो. तो आजारी नसतो. पण ल्हाल्हा थांबेना, लाळ घट्ट झाली, तोल जाऊ लागला तर त्याला सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. कुत्र्याला थंड करा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.'

संत्रासाल
झकास.

अवग्रह
एक शेवटची खोड काढतो. 'कुत्र्याला थंड करा'? गावात कोणी 'थंड केला' म्हटलं की लोक पोलिसांना बोलावतात. 'गार करा'ही नको, गार पडला म्हणजे गेलाच. आपल्याकडे 'निवणे' आहे. चहा निवतो, दूध निवतं, संताप निवतो. सोसेल इतपत उतरणं, त्याहून खाली नाही. डॉक्टरलाही एवढंच हवं असणार.

वशिंड
हो. ३९.५च्या आसपास आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर अंग भलतंच खाली घसरतं. 'अंग निववा' लिहा.

अवग्रह
पाणवठाताई, छापायला गेलं नाही ना?

पाणवठा
गेलं होतं. आत्ता फोन करून थांबवलं. छापणारे काका म्हणाले, "ताई, ते ल्हाल्हा टायपात चुकलंय का?"