साथीची तालीम सीमेवरच्या राज्यांनी मिळून करावी का? (बेळगाव-चंदगड-दोडामार्ग)

बेळगावकर
चंदगडच्या माणसाला ताप चढला की तो कोल्हापूरला जात नाही, बेळगावला येतो. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. उलट कर्नाटकातल्या कागवाड-अथणीचा पेशंट मिरज गाठतो. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललंय. पण साथ आली की दोन्हीकडची आरोग्य खाती आपापल्या हद्दीपुरतीच धावतात.

गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचंच घ्या. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत, 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. बेळगाव भागातून गोव्यात काजूच्या कामाला गेलेल्या मजुरांनाही त्याची लागण झाल्याची नोंद आहे. गोचीड चावली गोव्यात, ताप चढला घरी आल्यावर. आता शोध कुणी घ्यायचा?

केनिया आणि टांझानियाच्या सीमेवर नमंगा नावाचं गाव आहे. जून 2019 मध्ये तिथं दोन्ही देशांनी चार दिवस प्रत्यक्ष मैदानात तालीम केली. जनावरांतून माणसांत येणारा रिफ्ट व्हॅली ताप पसरलाय असं धरून दोन्हीकडची माणसं कामाला लागली. आपल्या देशातही ऑगस्ट 2024 मध्ये अजमेर जिल्ह्यात ‘विषाणू युद्ध अभ्यास’ हा असाच सराव झाला. पण तो एका जिल्ह्यातला. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा यांनी मिळून अशी तालीम करावी, असं माझं ठाम मत आहे. सभागृहात बसून नव्हे, वाडीवर जाऊन.

खानापूरची आशा
दादा, माझा विरोध आहे. तालीम म्हणजे आम्हा आशा कार्यकर्त्यांच्याच डोक्यावर आणखी एक काम. कोविडात घरोघर पाठवलं तेव्हा ताप मोजायची गन तिसऱ्या दिवशी बंद पडली. सेल मिळाले नाहीत. पुढचे आठ-दहा दिवस मी हाताचा पालथा पंजा लोकांच्या कपाळाला लावून वहीत ‘ताप आहे’, ‘ताप नाही’ लिहीत होते. आमच्या पाड्यांना पावसाळ्यात धड रस्ता नसतो. जंगलात जाणाऱ्यांना गोचीड लागू नये म्हणून लावायचं डेपा तेल वेळेवर द्या, रिकाम्या जागा भरा. तालमीचं मग बघू.

बेळगावकर
ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण ती बंद पडलेली गन साथीच्या आधी एखाद्या तालमीत सापडली असती, तर कुणीतरी लिहून घेतलं असतं आणि त्यावर साहेबाची सही झाली असती. आता ती गोष्ट फक्त तुमच्या आठवणीत आहे.

नोकरदार_टिळकवाडी
एवढा खटाटोप कशाला? रोगांची नोंद आता देशभरच्या एकाच पोर्टलवर होते. या सगळ्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, सहा महिन्यांतून एकदा निपाणीत बैठक घ्या. सरकारी मॉकड्रिल मी पाहिलंय. तारीख आधी कळवलेली, अँब्युलन्स आधीच उभी, पेशंट म्हणून शिपाई झोपवलेला. फोटो झाले की सगळे चहाला.

बेळगावकर
म्हणूनच तारीख न सांगता करायची. पोर्टलवर आकडा दिसेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाडीवर कोण जाणार ते पोर्टल ठरवत नाही. ग्रुपवर मेसेज टाकला आणि समोरून फक्त अंगठा आला, तर काम झालं असं धरायचं का?

चंदगडी
मला भीती वेगळीच आहे. 2021 मध्ये कर्नाटकात शिरायला 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायचा. माझा मामा बेळगावात वारला. रिपोर्टशिवाय निघालो, एका नाक्यावर अडवलं, हात जोडले तरी सोडलं नाही. माती मिळाली नाही. म्हणून सांगतो, तालीम म्हटली की आधी बॅरिकेड येणार आणि मग अफवा. ‘बेळगावात रोग आलाय’ असं एकानं म्हटलं तरी आमची भाजी दोन दिवस पडून राहते. डायलिसिसवाल्या पेशंटनं त्या दिवशी काय करायचं?

निवृत्त पशुवैद्यक
चंदगडीभाऊ, तुमचा प्रश्न तालमीतला पहिला प्रश्न असायला हवा: रस्ता बंद न करता साथ कशी आवरायची. 2022 मध्ये गुरांना लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा मी नोकरीत होतो. एका बाजूचा जनावरांचा बाजार बंद झाला की गाय टेंपोत बसून दुसऱ्या बाजूला निघते. शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला विकायची गरज असते.

तालमीला विषय मात्र माकडतापाचाच घ्या, आणि सुरुवात मेलेल्या माकडापासून करा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या उतरतात आणि तिथल्याच पाल्यापाचोळ्यात पसरतात. ती जागाच धोक्याची. भोवती कीटकनाशक पावडर मारावी लागते. आता ते माकड हद्दीच्या दगडापासून वीस पावलांवर पडलंय असं धरा. वनखात्याला कोण कळवणार? नमुना कोण घेणार, तो कुठल्या प्रयोगशाळेत जाणार? पलीकडच्या वाडीला कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत? अर्ज कन्नडात, वाडी मराठी बोलणारी, गुराखी कोंकणी. हे बैठकीत सुटत नाही, चिखलात उभं राहिल्यावरच कळतं.

नोकरदार_टिळकवाडी
माकडाचं पटलं. पण तीन राज्यांची सही एका कागदावर? सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. कुणी तरी यातही राजकारण आणणार. त्यापेक्षा खानापूर आणि चंदगड या दोनच तालुक्यांनी सुरुवात करावी.

बेळगावकर
दोन तालुके मला चालतील. पण दोडामार्ग सोडू नका, माकडताप तिथं येऊन गेलाय.

चंदगडी
नाका बंद होणार नाही असं आधी लेखी द्या. मगच माझा होकार. आणि गावात दवंडी पिटून सांगा की हा सराव आहे. तारीख सांगू नका हवं तर, पण सराव आहे हे सांगा.

खानापूरची आशा
डॉक्टरांचं वाचलं. आमच्याकडं दोन वर्षांमागं ओढ्याकाठी माकड मेलेलं, पोरांनी काठीनं ढकललं, मी ओरडून घरी पाठवलं. कुणाला फोन करायचा ते मलाही माहीत नव्हतं. त्या एका नंबरासाठी मी येईन. मात्र त्या दिवसाचा भत्ता त्याच महिन्यात पाहिजे. डिसेंबरपासून मेपर्यंत माकडतापाचा हंगाम, म्हणजे तालीम त्याच्या आधीच करणार. पण नोव्हेंबरात आमच्यात भातकापणी असते, दिवसा वाडीवर माणूस सापडत नाही. यायचं तर सकाळी सातच्या आत या.