पारतंत्र्यात घेतलेली मापं विज्ञानाने वापरावीत का? कोरियाचं उदाहरण

खडूफळा (धागाकर्ती)

दोनशे देशांतल्या माणसांच्या उंचीचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. १८९६ साली जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या दक्षिण कोरियन बायका सरासरी २०.२ सेंटिमीटरने उंच आहेत, असं त्यात दिसलं. बायकांच्या उंचीतली जगातली ही सर्वांत मोठी वाढ. आकडा कौतुकाचाच आहे. पण कोरियन माणसाच्या शरीराबद्दल बोलताना 'पूर्वी असं होतं' हे दाखवायला जी जुनी मापं सर्रास पुढे केली जातात, ती कुणी आणि कशी घेतली हे कुणी विचारत नाही.

१९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. जपानी मानववंशशास्त्रज्ञ तोरी र्‍यूझो यांनी जपानी गव्हर्नर-जनरलच्या सरकारसाठी १९११ पासून देशभर फिरून लोकांना समोरून आणि बाजूने उभं करून फोटो काढले, मापं घेतली. त्या काचेच्या प्लेटा आज कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक कुबो ताकेशी यांनी कोरियन शरीरांची मापं घेऊन जपान्यांशी तुलना करणारे लेख लिहिले. १९२१ साली सोलच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक कवटी गहाळ झाली. कुबोंनी कोरियन विद्यार्थ्यांवर आळ घेतला आणि कोरियन माणूस शरीररचनेनेच रानटी आहे, अशा अर्थाचं बोलले. विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासांवर बहिष्कार टाकला, तेव्हा शिक्षा झाली ती विद्यार्थ्यांनाच.

आणखी एक. १९९५ साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठात एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कवट्या सापडल्या. एकीवर लिहिलं होतं की ही कोरियातल्या दोंगहाक बंडाच्या म्होरक्याची आहे. १८९४ सालचं ते शेतकऱ्यांचं बंड. कवटी १९०६ मध्ये जिंदो बेटावरून उचललेली. १९९६ मध्ये ती परत गेली, आणि जोनजू शहरात तिचं दफन व्हायला २०१९ उजाडलं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती, त्याच्या शरीराचं माप हा पुरावा नव्हे. अभ्यासातून आणि पाठ्यपुस्तकातून ही मापं वगळावीत.

दर्यावर्दी

पूर्ण असहमत. संताप समजतो, पण तुम्ही आरोपीविरुद्धचा पुरावाच जाळायला निघाला आहात.

कुबोंच्या मते कोरियन शरीर हलक्या दर्जाचं. त्यानंतर १९३०च्या दशकात केइजो इम्पीरियल विद्यापीठातले (सोलमधलं जपान्यांचं विद्यापीठ) उएदा त्सुनेकिची आणि इमामुरा युताका यांनी कितीतरी जास्त लोकांची, बरीच नेटकी मापं घेतली. उएदांनी निष्कर्ष काढला की मध्य कोरियातले लोक जपानच्या किनाई (क्योतो-ओसाकाच्या आसपासच्या) भागातल्या लोकांच्या अगदी जवळचे आहेत. मधल्या काळात काय बदललं होतं? १९१९च्या जपानविरोधी उठावानंतर सरकारला हळूहळू 'आपण मुळात एकच' हे सूर हवे झाले होते. मोजण्याचं हत्यार तेच, कोरियन माणूसही तोच, निकाल मात्र राज्यकर्त्यांच्या गरजेप्रमाणे फिरला. जुने तक्ते समोर ठेवले म्हणूनच हे आज दाखवता येतं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. त्या काळच्या मापांत उत्तरेकडचे कोरियन दक्षिणेकडच्यांपेक्षा उंच भरत. १९४५ मध्ये देश दुभंगला. १९९८ साली दुष्काळानंतर उत्तर कोरियात झालेल्या पोषण पाहणीत लहान मुलांपैकी ६२ टक्क्यांची वाढ खुंटलेली आढळली. तिकडून निसटून दक्षिणेत आलेली माणसं आज तिथल्या लोकांपेक्षा बुटकी भरतात. वंश तोच, पन्नास वर्षांत उंचीचा क्रम उलटा झाला. शरीर वंशाने ठरतं म्हणणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर कुठलं? आणि या उत्तराचा अर्धा भाग तुम्ही वगळायला सांगताय त्या मापांत आहे.

शिंपीकाम

मी तयार कपड्यांचे साचे करतो, त्यामुळे माझं म्हणणं जरा वेगळं.

वाद जुन्या मापांवर चाललाय, पण कोरियाने स्वतः काय केलं तेही बघा. १९७९ पासून त्यांचं मानक खातं लोकांची देशव्यापी मोजणी करतं. २००३-०४ पासून थ्रीडी स्कॅनर आला आणि 'साइझ कोरिया' हे नाव रूढ झालं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आठव्या मोजणीत पुरुषांची सरासरी उंची १७२.५ आणि बायकांची १५९.६ सेंटिमीटर भरली, म्हणजे १९७९ च्या तुलनेत ६.४ आणि ५.३ने जास्त. ही माहिती कपडेवाल्यांना, फर्निचरवाल्यांना, गाड्या बनवणाऱ्यांना मिळते. सोल मेट्रोच्या नव्या डब्यांत सात जणांच्या जागेत आता सहा आसनं आहेत, कारण माणसं रुंदावली.

इथे माणसाला मोजलं ते त्याला बसायला नीट जागा मिळावी म्हणून. आपल्याकडे 'इंडिया साइझ'ची घोषणा २०१८ मध्ये झाली, पंचवीस हजार लोक मोजायचे, सहा शहरांत मुंबईही. तोवर आमच्या धंद्यात परदेशी मापांचे तक्ते खालीवर करून काम भागवायचे. बाही लांब, खांदा उतरलेला, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपलंच अंग बेढब. मोजमापाला सरसकट पापी ठरवू नका.

उत्तरा

शिंपीकाम, धागाकर्तीने सरसकट कुठे ठरवलंय? प्रश्न सक्तीच्या मापांचा आहे.

दर्यावर्दींच्या मुद्द्यात मला एक धोका दिसतो. 'चांगल्या कामासाठी वापरली' म्हटलं की मूळ अन्याय पुसट होतो. इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या विषमतेवर काम करायला गेल्या. युरोपीय कवटी वेगळी, श्रेष्ठ, हे गुरूला सिद्ध हवं होतं. बाईंनी मोजलं आणि तसं काही आढळत नाही असं लिहिलं. त्यांच्या या धैर्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यांच्यासमोर आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. बाईंचा निष्कर्ष कितीही सच्चा असला, तरी त्या माणसांच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का?

मोजपट्टी

सत्ताधारी मोजणारा आणि दबलेला मोजला जाणारा, इतकी सरळ वाटणी नाही. १९२२ साली किरिहारा शिनइची या जपानी सर्जनसोबत रक्तगटांवर शोधनिबंध लिहिणारे बेक इन-जे कोरियन होते, तेही १९१९च्या उठावात तुरुंग भोगलेले. हिर्शफेल्ड दांपत्याने १९१९ मध्ये काढलेलं सूत्र त्यांनी वापरलं: 'ए'चं प्रमाण 'बी'च्या मानाने जितकं जास्त, तितका समाज युरोपियनांच्या जवळचा. त्यांच्या हिशोबात दक्षिणेकडचे कोरियन जपान्यांच्या जवळ आले आणि उत्तरेकडचे लांब गेले. रक्तगटांची नोंद खरीच होती. सडका होता तो तिच्यावर लादलेला 'वंश निर्देशांक'. म्हणून माझं मत: कच्ची नोंद राहू द्या, निर्देशांक इतिहासाच्या वर्गात शिकवा.

खडूफळा

मोजपट्टी, रक्तगटाचं उदाहरण मला पटतं. रुग्णालयात सुई टोचून घेणारा आणि पोलीस बंदोबस्तात उभा केलेला शेतकरी यांत फरक करायला मी तयार आहे. पण कवटीला दोन्हीतलं काहीच लागू होत नाही. जिंदोची कवटी परत गेली, तशी तिची मापंही मागे घेतली पाहिजेत. दर्यावर्दी, उत्तर-दक्षिण उंचीचा मुद्दा कवट्यांशिवायही उभा राहतो.

दर्यावर्दी

कवट्या परत जाव्यात, याबद्दल दुमत नाही. मापं मात्र मी सोडणार नाही, आणि कारण सांगतो. वसाहतीच्या काळात रस्त्यावर बेवारस मेलेल्यांची ओळख पटावी म्हणून सरकारी सूचना छापत, त्यात उंची नोंदलेली असे. आर्थिक इतिहासकारांनी त्याच नोंदी जमवून जपानी अमलाखाली गरिबांचं पोट भरत होतं का, हा प्रश्न विचारला. या मेलेल्या माणसांनाही कुणी विचारलं नव्हतं. पण जपानने कोरियाची भरभराट केली असं म्हणणारे आजही आहेत, आणि त्यांना आकड्यांनी जाब विचारायचा तर हीच माणसं साक्षीला आहेत. तुमच्या नियमाने तीही गप्प होतील. त्यांचं काय करायचं ते सांगा, मग पुढे बोलू.