मदत हवी आहे: न शिकवलेली जोडी उशिरा जुळते, श्रेय शिकवण्याला की चाचणीला?

संगणकावर नमुना दाखवून त्याची जोडी निवडायला लावणारा प्रयोग करतोय. सहभागी प्रौढ, आकृत्या निरर्थक. ‘अ’ला ‘ब’ आणि ‘अ’ला ‘क’ एवढंच शिकवलं. पर्याय दरवेळी तीन ठेवलेत. दोनच असले तर नको ते वगळूनही उत्तर बरोबर येतं.

उलट दिशा, म्हणजे ब-अ आणि क-अ, सगळ्यांना लगेच जमते. घोडं अडतं ते ब-क वर, म्हणजे ‘अ’मुळे जुळायला हवी अशी, पण थेट न शिकवलेली जोडी. मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांच्या १९७१च्या प्रयोगात मुलाला ऐकलेला शब्द चित्राशी जोडता येत होता, छापील शब्दाशी जोडायला शिकवला, आणि छापील शब्द-चित्र ही जोडी आपोआप आली. माझ्याकडचे काही जण मात्र आधी चाचपडतात, आणि चूक की बरोबर काहीही न सांगता तीच चाचणी पुन्हा घेतली की अचूक होतात! हेच मला सर्वांत रंजक वाटतंय.

मूळ जोड्यांचा सराव वाढवून पाहिला, ब-कच्या आधी उलट दिशेची चाचणी ठेवली, फरक नाही. चाचणीत चूक की बरोबर हे सांगता येणार नाही, आणि सहभागींना पुन्हा बोलावता येणार नाही.

हा संबंध आधीच तयार होता की चाचणीतच घडला, हे वेगळं कसं काढायचं? ‘ब’ आणि ‘क’ला जोडणारा ‘अ’च न शिकवलेला गट घेऊन त्याची तेवढीच चाचणी घेतली तर पुरेल का?