मदत हवी आहे: इन्सुलिन घेऊनही अण्णांची साखर उतरत नाहीये (एप्रिल २०२०)

नमस्कार. अण्णा (वय ७१) आणि आई मंगळवेढ्याजवळ गावी, मी पुण्यात. लॉकडाऊनमुळे निघता येत नाही, सगळं फोनवरच.

अण्णा पेनने ३०/७० (मिश्र) इन्सुलिन घेतात, सकाळी २२, रात्री १४ युनिट. मागच्या आठवड्यात कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी इन्सुलिनची नळी) संपली. मेडिकलवाल्याकडे नव्हती, तेच इन्सुलिन बाटलीत मिळालं. "औषध तेच, युनिटही तेवढेच," म्हणाला. शेजारच्या काकूंकडे कोऱ्या सिरिंजा होत्या, त्या घेतल्या. तेव्हापासून उपाशीपोटी २६०, २८५, आज ३१०! आधी १४०च्या आसपास असायची.

दुपारी लाईट नसते, ऊन चाळिशीपार. इन्सुलिन खराब झालं असेल का? आई म्हणते, दिवसभर ओसरीवर बसून बातम्या बघतात, मग काय होणार. साखर तपासायच्या पट्ट्या सातच उरल्यात. डॉक्टर फोन उचलत नाहीत. युनिट वाढवू का?

प्रतिसाद:
मनाने वाढवू नका. आधी सिरिंजचं टोपण बघा, लाल की केशरी? आणि बाटलीवर ४० लिहिलंय की १००, म्हणजे एका मिलीमध्ये किती युनिट?

धागाकर्ती:
व्हिडिओ कॉल केला. बाटली ४०, टोपण केशरी.

प्रतिसाद:
तिथेच घोळ आहे. केशरी सिरिंज १०० वाल्या इन्सुलिनची. तिच्यात २२च्या खुणेपर्यंत ४० वालं भरलं की अंगात जातात जेमतेम ९ युनिट. ४० वाल्यासाठी लाल टोपणाची मागवा, त्यात २२ म्हणजे २२च. आणि कार्ट्रिजमधलं १०० वालं लाल सिरिंजने कधीही ओढू नका, २२चे ५५ होतील. डॉक्टरांना फोन लावत राहा. उलट्या, धाप किंवा ग्लानी आली तर मात्र वाट न बघता दवाखान्यात न्या.

दुसरा प्रतिसाद:
चालू बाटली फ्रिजबाहेर महिनाभर टिकते, पण एवढ्या उन्हात नाही. आमच्याकडे बाटली छोट्या मडक्यात ठेवतो आणि मडकं ओल्या वाळूच्या घमेल्यात. घेण्याआधी तळहातांत घोळवायची, खळखळ हलवायची नाही. घोळवूनही गुठळ्या राहिल्या तर टाकून द्या.

धागाकर्ती:
लाल टोपणाच्या सिरिंजा दूधवाल्या दादांनी तालुक्याहून आणून दिल्या. डॉक्टरांनी अखेर फोन उचलला, युनिट तेच ठेवायला सांगितलेत. आज तिसरा दिवस, सकाळी १७२. अण्णा विचारतायत, आता आंबा चालेल का. आई मागून काय बोलली ते इथे लिहीत नाही.