दंडाच्या आधी नुसता शब्द

जैन परंपरेत कायदा ऋषभदेवांपासून, म्हणजे पहिल्या तीर्थंकरांपासून सुरू होतो असं म्हटलं जातं. राज्य, शेती, लेखन, व्यापार यांचं श्रेय त्यांच्याकडे जातं हे खरंच. पण नियम त्यांच्याही आधीचे, कुलकरांचे, म्हणजे राजे येण्याआधी लोकांना वाट दाखवणाऱ्या प्रमुखांचे. दिगंबर परंपरेत कुलकर १४, शेवटचे नाभिराय, म्हणजे ऋषभदेवांचे वडील.

नवव्या शतकातल्या जिनसेनांच्या आदिपुराणात हा भाग फार सुंदर आलाय. मागाल ते देणारे कल्पवृक्ष विरळ होऊ लागतात, आणि माणसं पहिल्यांदाच भांडतात. पाचवे कुलकर सीमंकर कोणाचं झाड कोणतं हे तोंडी ठरवून देतात. तेवढ्याने भागत नाही, म्हणून सहावे सीमंधर झुडपांच्या खुणा करून हद्द आखतात. बांधावरून होणारी भांडणं आपल्याला काही नवीन नाहीत!

शिक्षा काय, तर पहिल्या पाच कुलकरांच्या काळात अपराध्याला फक्त 'हा!', म्हणजे 'अरेरे!' म्हणायचं. पुढच्या पाचांनी त्यात 'मा', म्हणजे पुन्हा करू नको, ही ताकीद घातली, उरलेल्यांनी 'धिक्', म्हणजे धिक्कार. लाज हाच दंड, आणि तो पुरत होता. बंधन आणि वध आले ते ऋषभदेवांचे पुत्र भरत चक्रवर्ती यांच्या काळात. श्वेतांबर परंपरेत कुलकर ७ असले तरी दंडाच्या या तीन पायऱ्या तिथेही आहेत. मला यातला क्रम विलक्षण वाटतो: टंचाई, हद्द आणि शब्दाचा दंड आधी, आणि राजा त्यानंतर.